‘टाइमपास’ इंझोरीत वाचताना

पेट निघाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी आजचं लिखाण. विषय आहे नोकरी न लागल्यामुळे पुन्हा कॉलेजात जाणारी माणसं. ‘काहीतरी नवीन शिकून घेतो, बघू’ असं म्हणत तिशीच्या आसपास पुन्हा अॅडमिशनचा फॉर्म भरणारी. या विषयाचा साहित्य आढावा सुरू केला की एक पुस्तक हमखास हातात येतं : क्रेग जेफ्री यांचं ‘टाइमपास’ (स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०१०). माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा अर्धा डोलारा याच पुस्तकावर उभा होता. तो डोलारा माझ्या मामाच्या गावी, इंझोरीत, दोन दुपारींत कसा हलला ते सांगतो. पुस्तक वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही. ते कुठपर्यंत नेतं आणि कुठे सोडून देतं, एवढंच बघायचंय.

आधी पुस्तकाबद्दल. जेफ्री भूगोलाचे अभ्यासक. २००४-०५च्या सुमारास त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मेरठमध्ये कॉलेजच्या तरुणांमध्ये बराच काळ काढला. चहाच्या टपऱ्या, होस्टेलं, गेटासमोरचे कोपरे. तिथे त्यांना भेटली ती पोरं एकामागून एक डिग्र्या घेत होती, कारण सरकारी नोकरी लागत नव्हती आणि गावी शेतीवर परतायची लाज वाटत होती. ही पोरं स्वतःच्या आयुष्याला ‘टाइमपास’ म्हणत, तेच पुस्तकाचं नाव झालं. जेफ्रींचं मोठं काम हे की त्यांनी या थांबण्याला आळस म्हटलं नाही. थांबण्यातून मैत्र्या होतात, जातीपलीकडची थोडी एकीही होते, आंदोलनं होतात. आणि दुसऱ्या बाजूला काही जाट पुढारी पोरं त्याच कॉलेजात बसून दलाली शिकतात. बेरोजगारांचा कळवळा आणि अॅडमिशनमधलं कमिशन एकाच माणसाच्या ठायी कसं नांदतं, हे त्यांनी ज्या बारकाईने दाखवलंय तसं आपल्याकडच्या कुठल्याही विद्यार्थी संघटनेवर अजून कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. सांगाडा बोर्द्यूचा आहे. कोणाच्या पाठीशी जमीन आहे, ओळखी आहेत, कोण किती वर्षं थांबू शकतो. थांबणं हीसुद्धा ऐपतीची गोष्ट आहे, हे त्या पुस्तकाने मला शिकवलं.

मी काय केलं? हे सगळं उचललं आणि वाशीम जिल्ह्यावर चिकटवलं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘वाशीम जिल्ह्यातील सुशिक्षित बेरोजगार युवकांमधील कौशल्य-तूट : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. गृहीतक क्रमांक एक, ‘कौशल्य प्रशिक्षणामुळे रोजगारक्षमता वाढते’. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या फाइलमध्ये हेच वाक्य आहे. वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमाच्या पाच विषयांपैकी एक ‘आर्थिक समावेशन आणि कौशल्य विकास’, त्यामुळे कौशल्य-तूट हा शब्द जिल्ह्यातल्या प्रत्येक सादरीकरणात असतोच. तोच मी घेतला. विषय ‘चालू’ वाटतो, आरएसीत प्रश्न कमी येतात.

मग दिवाळीत इंझोरीला गेलो. मानोरा तालुक्यातलं गाव, सोयाबीन-तुरीचा पट्टा. माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला नुसतं भाऊ म्हणतो. तो मला ‘आयता उत्तरदाता’ वाटत होता. डी.एड. झालेला, नोकरी नाही, बत्तिसाव्या वर्षी आयटीआयला गेलेला. मी छापील प्रश्नावली काढली. पहिल्या पानावर प्रश्न होता, ‘पुन्हा शिक्षण घेण्यापूर्वी तुमच्याकडे कोणत्या कौशल्यांची कमतरता होती?’

भाऊने प्रश्न दोनदा वाचला. मग म्हणाला, “कमतरता मायात होती का जागेत होती, हे तू कोनाले इचारून राह्यला?”

प्रश्नावली तिथेच मिटली. आमच्या गाइडनी मागे एकदा जीवन-कॅलेंडर नावाची पद्धत सांगितली होती, ती आठवली. एक मोठा कागद घ्यायचा, वर्षं-महिने आखायचे आणि लोकांना लक्षात असलेल्या घटनांच्या खुंट्या ठोकत आठवणी लावत जायचं. ‘तुम्ही किती महिने बेकार होतात?’ असं विचारलं तर उत्तर अंदाजपंचे येतं. ‘नोटाबंदी झाली तेव्हा कुठे होता? त्या वर्षीच्या पोळ्याला घरी होता का?’ असं विचारलं की माणूस महिना धरून सांगतो. सुगी, लग्न, निवडणूक, लॉकडाऊन, सगळ्या खुंट्याच. पैसा लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, दोन दुपारी मात्र लागतात.

भाऊचा कागद असा भरला. २००७ ला बारावी. तेव्हा गावोगाव सांगायचे, डी.एड. केलं की दोन वर्षांत मास्तर. शिक्षणसेवकाची योजना २०००ची. प्राथमिकला सुरुवातीचं मानधन महिना ३००० रुपये, पण तीन वर्षं काढली की कायम. या आशेवर राज्यभर डी.एड. कॉलेजं उगवली होती. भाऊ २००९ ला पास झाला. नंतर एका खाजगी शाळेत तासिकेवर शिकवलं, बरेच महिने पैसे मिळालेच नाहीत, ‘पुढे अॅप्रूव्हल येईल’ एवढंच ऐकत राहिला. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवीन शिक्षकभरती थांबली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याची पहिली टीईटी झाली. म्हणजे भरती बंद आणि त्याच भरतीसाठीची पात्रता मात्र वाढलेली. भाऊची टीईटी तिसऱ्या खेपेला निघाली. नोटाबंदीच्या वेळी तो चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर होता, एटीएमच्या रांगेत उभं राहायला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून महिना पक्का आठवतो. डिसेंबर २०१७ ला अभियोग्यता परीक्षा, टेट. त्यासाठी चाकणचं काम सोडून तीन महिने अमरावतीत खोली. २०१९ ला पवित्र पोर्टलवरची यादी लागली, त्यात नाव नाही. पुन्हा चाकण. मार्च २०२० ला लॉकडाऊन, मे महिन्यात परत इंझोरी. २०२१ ला आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, सोबतची पोरं सोळा-सतरा वर्षांची.

हा कागद समोर ठेवून ‘टाइमपास’ पुन्हा वाचलं तेव्हा मला पहिली अडचण कळली. मेरठची पोरं कॉलेजात थांबलेली आहेत. भाऊ कॉलेजातून निघून गेला, बारा वर्षं बाहेर काढली आणि परतला. थांबणाऱ्याच्या मागे घर असतं, तो घरच्या ऐपतीवर वेळ काढतो. परतणाऱ्याच्या मागे बाहेरची बारा वर्षं असतात. कमावलेलं, गमावलेलं, लग्न, पोरगं, मोडलेली खोली. आपण दोघांनाही ‘शिक्षणात अडकलेले बेरोजगार’ या एकाच खोक्यात टाकतो. मग निष्कर्षही थांबणाऱ्यांवरचे काढून परतणाऱ्यांवर लावतो.

जेफ्रींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. मेरठ जिल्ह्यातल्या जाट शेतकरी कुटुंबांवर त्यांनी नव्वदीतच काम केलं होतं, त्यामुळे पुस्तकात जमीन आणि घर दिसतं. पण तरुण त्यांना भेटतात ते बहुतेक कॉलेजच्या आवारात. आवारात उभं राहून नमुना घेतला की आवारात असलेलेच मिळणार. ज्याने कंटाळून सोडलं आणि चाकणची किंवा सुरतची गाडी पकडली, तो त्या वर्षी नमुन्यात नाही. पाच वर्षांनी परतला तर नमुन्यात येईल, पण ‘विद्यार्थी’ म्हणून. त्याची मधली वर्षं आपण विचारलीच नाहीत तर ती कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. त्यांचा प्रश्न थांबण्याचा होता, त्यासाठी आवार बरोबर जागा होती. चूक माझी, मी उत्तर उचललं आणि प्रश्न तिथेच ठेवून आलो.

आता मोजमापाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नेटच्या पेपरला हे पाठ करतो आणि वापरताना विसरतो.

श्रमबळ सर्वेक्षण, म्हणजे २०१७ पासूनचं पीएलएफएस. त्यात प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक कोड मिळतो. ८१ म्हणजे काम नाही, पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, म्हणजे बेरोजगार. ९१ म्हणजे शिक्षण संस्थेत जाणारा, श्रमबळाच्या बाहेर. ९२ म्हणजे फक्त घरकाम, तेही बाहेर. ‘नेहमीची मुख्य स्थिती’ ठरते ती मागच्या ३६५ दिवसांतला जास्त काळ कशात गेला त्यावरून. आता भाऊचं २०२२ हे वर्ष घ्या. सकाळी आयटीआय, दुपारनंतर गावात कोणाची मोटर बिघडली, कोणाच्या घरची फिटिंग. मुख्य स्थिती ९१. म्हणजे तो बेरोजगार नाही, तो श्रमबळातच नाही. पण वर्षातले तीसेक दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर दुय्यम स्थिती धरून तो ‘काम करणारा’ होतो. म्हणजे मुख्य आणि दुय्यम स्थिती मिळवली की भाऊ रोजगारात. चालू साप्ताहिक स्थिती बघाल तर मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं असलं तरी रोजगारात. तीन मापं लावली, एकदा श्रमबळाबाहेर, दोनदा रोजगारात. बेरोजगार एकदाही नाही. आणि तो आयटीआयला गेला कशासाठी? काम नव्हतं म्हणून!

यात सर्वेक्षणाची लबाडी वगैरे काही नाही, व्याख्या छापलेल्या आहेत आणि जगभर साधारण अशाच वापरल्या जातात. पण ‘जिल्ह्यात बेरोजगारीचा दर घटला’ असं वाक्य लिहिण्याआधी त्याच वयोगटातला ९१ किती वाढला हे बघितलं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. (माझं स्वतःचं सांगायचं तर फेलोशिप चालू आहे तोवर मीही कोड ९१. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,०००. भाऊला आजवर कुठल्याही कंपनीने इतके दिले नाहीत. इंझोरीच्या पारावर ‘तू अजून शिकूनच राह्यला का?’ असं मला विचारतात तेव्हा ते फार चुकीचं विचारत नसतात.)

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याची. ‘आधी आणि नंतर’ ही रचना आपल्याकडे सर्रास वापरतात : प्रशिक्षणाआधी उत्पन्न इतकं, नंतर इतकं, फरक म्हणजे फायदा. ऑर्ली अॅशेनफेल्टर या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षण योजनेत शिकलेल्यांची कमाई तपासली. त्याला दिसलं की प्रशिक्षणाला येण्याच्या अगोदरच्या वर्षी या लोकांची कमाई खाली गेलेली असते. साहजिक आहे, चांगलं चाललेलं असताना कोण परत वर्गात बसायला जाईल? या घसरणीला त्याच्याच नावाने ‘अॅशेनफेल्टरचा खड्डा’ म्हणतात. खड्ड्याच्या तळापासून मोजायला सुरुवात केली की माणूस नुसता वर आला तरी प्रशिक्षणाला यश मिळतं.

भाऊवर लावून बघू, आकडे समजा म्हणून घ्या. २०१९ ला चाकणमध्ये महिना १४,०००. २०२० च्या लॉकडाऊननंतर जवळपास शून्य. आयटीआयनंतर १२,०००. माझ्या जुन्या सिनॉप्सिसने २०२० आणि २०२४ ची तुलना केली असती आणि ‘शून्यावरून १२,०००, प्रशिक्षण अत्यंत परिणामकारक’ असं लिहून मोकळा झाला असता. भाऊसोबत परतलेली इंझोरीची जी पोरं आयटीआयला गेली नाहीत, ती लॉकडाऊन उठल्यावर पुन्हा चाकणला गेली आणि आधीच्याच पगाराला लागली. त्यांच्याशी तुलना केली तर फायदा उणेमध्ये जातो. मग आयटीआय वाया गेलं का? तेही म्हणता येत नाही. चाकणात भाऊ १२ तास उभा असायचा आणि पोरगं त्याला वर्षातून दोनदा बघायचं, आता घरी आहे. कुठली किंमत उत्पन्नाच्या रकान्यात धरायची हे ठरवणं हेच संशोधन, रकाना भरणं नंतर.

डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा योजनांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. व्यावसायिक प्रशिक्षण १०० जणांना दिलं तर एरवी लागली नसती अशी नोकरी साधारण दोघा-तिघांना लागते, असा त्यांचा हिशेब निघाला. सिनॉप्सिसमध्ये ‘प्रशिक्षणामुळे रोजगारक्षमता वाढते’ लिहिताना हा आकडा शेजारी ठेवून बघा, वाक्य आपोआप आवरतं.

भाऊच्या कागदावरची मला सगळ्यात जास्त टोचलेली जागा वेगळीच आहे. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची खालची अट १४ वर्षं, वरची अट नाही. दार सगळ्यांना उघडं, चांगली गोष्ट. पण त्या प्रमाणपत्रावर ज्या सरकारी नोकरीकडे विदर्भातली पोरं डोळे लावून असतात, ती महावितरणची विद्युत सहायक. डिसेंबर २०२३ ची जाहिरात ५३४७ जागांची, वय १८ ते २७, मागासवर्गीयांना ५ वर्षं सवलत. भाऊ ३४चा. सवलत धरूनही दोन वर्षं उशीर. शिकायचं वय संपत नाही आणि लागायचं वय संपतं, या दोन नियमांच्या मधल्या जागेत परतणारा माणूस सापडतो. ‘टाइमपास’मध्ये वेळ हा मुख्य विषय आहे, पण तिथला वेळ कंटाळ्याचा, साचलेल्या पाण्यासारखा आहे. भाऊचा वेळ संपत जाणारा आहे. भरती पाच-पाच वर्षं पुढे गेली (टेट २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली) की राज्य नुसतं थांबवत नाही, उमेदवाराचं वय खातं. भरतीच्या जाहिराती आणि त्यातल्या वयोमर्यादा वर्षवार मांडून त्यावर परतणाऱ्यांचे कागद ठेवले तर एक चांगला प्रबंध होईल. माझं आता तेच चाललंय.

मग भाऊ आज काय करतो? सौर कृषिपंप बसवतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली, एजन्सीवाल्यांना तालुक्यात फिटिंगला माणसं लागली, भाऊकडे इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र होतं. मी उत्साहाने म्हणालो, “बघ भाऊ, शेवटी शिक्षण कामी आलंच ना!”

“आलं ना. सोलर आलं म्हनून आलं. डी.एड.च्या टायमाले भरती आली असती तं तेही कामी आलं असतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. डी.एड.वाल्यांत शिकवण्याचं कौशल्य नव्हतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, जागा भरणं थांबलं होतं. ‘कौशल्य-तूट’ हा शब्द घेतला की तूट उमेदवाराच्या अंगात असल्याचं आपण मोजण्याआधीच मान्य करतो. म्हणून तो शब्द मी शीर्षकातून काढला. आरएसीतल्या एका सरांनी विचारलं, मग व्हेरिएबल काय? मी म्हटलं, पहिल्या आणि दुसऱ्या प्रवेशाच्या मधली वर्षं, आणि त्या काळात त्या पदाची किती भरती निघाली. ते म्हणाले, नमुना छोटा आहे. आहेच.

आणखी एक राहिलं. ‘टाइमपास’वर नेहमी घेतला जाणारा आक्षेप, यात मुली जवळपास नाहीत. मीही माझ्या आढाव्यात तो ठसक्यात लिहिला होता. एकट्या पुरुष संशोधकाला टपरीवर मुली भेटणार नाहीत, ही पद्धतीची मर्यादा असल्याचंही वर नमूद केलं होतं. आता ऐका. भाऊचा कागद भरताना तारखा अडल्या की आतून वहिनी बरोबर करायच्या. “टीईटीचा निकाल उन्हाळ्यात नाही, तवा पेरनी झाली होती.” “अमरावतीच्या खोलीचं भाडं बचत गटातून उचललं होतं, त्याचे हप्ते मी नोटाबंदीनंतर दीड वर्षानं सुरू केले.” आयटीआयची दोन वर्षं घर कशावर चाललं, तर त्यांच्या शिलाईवर. हे भाऊने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

वहिनींचंही डी.एड. झालंय. भाऊच्याच बॅचचं. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून त्यांनी बी.ए. पूर्ण केलं, म्हणजे परतणाऱ्या त्याही. सर्वेक्षणात बहुधा ९२. दोन दुपारी मी त्यांच्या घरात बसलो, त्यांच्या हातचा चहा चार वेळा प्यालो, आणि एकदाही दुसरा कागद काढला नाही. निघताना त्याच म्हणाल्या, “भाऊजी, माह्या नावाचा कागद कुठी हाय?”

तुरी निघाल्या की पुन्हा जाणार आहे. या वेळी कागद दोन नेतोय, आणि भाऊला म्हणणार आहे, वहिनींचा भरून होईपर्यंत तू चहा ठेव.